चिराईत ओळखून घेण्यासाठी पुण्याची फेरी

श्रीवर्धनकडे खाडीलगत माझी व्हेनामी कोळंबीची दोन तळी आहेत. गेल्या पिकात चाळिसाव्या दिवशी चेक ट्रेवर (खाद्य किती खाल्लं ते बघायला तळ्यात सोडतात त्या ताटावर) पांढऱ्या दोऱ्यांसारखी विष्ठा दिसली. कोळंबी उजेडात धरली तर आतडं रिकामं. लॅबने सांगितलं, व्हिब्रिओ हे रोगकारक जिवाणू वाढलेत. मी घाईने एका विक्रेत्याकडून कडू औषधी झाडाची ‘चिराईत पावडर’ आणून आठ दिवस खाद्यात दिली. फरक शून्य. त्या पाकिटात नेमकं काय होतं, हे आजतागायत कळलेलं नाही. भुकटी झाली की झाड कसं ओळखणार?

म्हणून यंदा दिवाळीनंतर बांधावरची किराईत, जिला चिराईतही म्हणतात, ती मुळासकट उपटली, वर्तमानपत्रात दाबली आणि पुण्याला निघालो. माणगावहून पहाटे सहाला निघालं की ताम्हिणी, पौड करत नऊपर्यंत चांदणी चौक येतो. पावसाळ्यात जाणार असाल तर घाट चालू आहे ना, हे आधी विचारा.

कोरेगाव रोडवर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, तिथे वाळवलेल्या झाडांचा मोठा संग्रह आहे. सरकारी कार्यालय, शनिवार-रविवार बंद. आधी फोन करून जा. आणि फुलं-शेंगा असलेलंच झाड न्या, तिथल्या मॅडमनी पहिला प्रश्न केला तो, “फूल आहे ना?” मग भिंगाखाली त्यांनी मला चौकोनी खोड दाखवलं, जांभळे ठिपके असलेलं इवलंसं पांढरं फूल दाखवलं, ताठ उभ्या बारीक शेंगा दाखवल्या. ही आपली ओली किराईत, म्हणजे अँड्रोग्राफिस. बाजारात चिराईत म्हणून काडेचिराईतही मिळते, ती हिमालयातली स्वर्टिया. दोन्ही कडू, पण झाडं वेगळी! कोळंबीवरचे प्रयोग वाचताना कुठल्या झाडाचा अर्क वापरलाय, हे आधी बघा.

तिथून मार्केट यार्डात लसूण घेतली, तीही व्हिब्रिओसाठी खाद्यात द्यायला. लसूण ठेचल्यावरच अ‍ॅलिसिन हे तिचं जंतुनाशक द्रव्य तयार होतं आणि उष्णतेने ते जातं. म्हणून ठेचून दहा मिनिटं ठेवायची आणि थंड खाद्यावरच चोळायची. मी खाद्याच्या किलोला दहा ग्रॅम घेतो, वर अंड्याच्या पांढऱ्याचा हात, म्हणजे पाण्यात लगेच धुऊन जात नाही. थायलंडमध्ये पेरूच्या पानांच्या अर्कावरही व्हिब्रिओविरुद्ध काम झालंय. कडुनिंबाला मात्र हात लावताना दहा वेळा विचार करा. त्यातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन हे कीडनाशक द्रव्य कोळंबीसारख्या कवचधारी प्राण्यांनाही बाधतं.

एवढी धडपड कशाला, असं घरचेही विचारतात. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांवर बंदी आहे, अंश सापडला तर निर्यातीचा माल परत येतो. कोळंबीच्या अंगात आपल्यासारखी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार होत नाहीत, जन्मजात प्रतिकारशक्तीवरच तिचा सगळा भार. म्हणून वनस्पती द्यायच्या त्या तळं निरोगी असतानाच. मर लागल्यावर पाला उकळत बसलात तर पीक गेलंच समजा. उरलेलं खाद्य आणि तळाचा काळा गाळ काढला नाही तर कुठलीही वनस्पती पुरी पडत नाही, हे मी पैसे घालवून शिकलोय.

किराईत आता पडवीत सावलीला वाळतेय. पुढच्या पिकात एकाच तळ्याला देणार, दुसरं तुलनेला तसंच ठेवणार. कडूपणामुळे कोळंबी खाद्य सोडते का, ते चेक ट्रे उचलून दर फेरीला बघायचं.