तुम्ही विचारलंत म्हणून: ॲप असताना पायथन कशाला?

लोक विचारतात, की स्मार्ट प्लगसोबत ॲप येतं, त्यात "अमुक झालं की तमुक कर" असे नियम बोटाने बनतात, मग तू ते पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत का लिहीत बसतेस? नणंदेने विचारलंय, ऑफिसातल्या मुलांनी विचारलंय, आमच्या इलेक्ट्रिशियनने तर जरा काळजीच्या सुरातच विचारलं. म्हणून एकदाच लिहून टाकते. दिव्यांसाठी नाही हो, पंपासाठी.

दिव्याचं सोपं असतं. जिन्यात कोणी आलं, अंधार आहे, लाव दिवा. गडबड झाली तरी काय, दिवा लागत नाही, आपण वैतागतो आणि बटण दाबतो. मी वापरते ते होम असिस्टंट, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, पाउलस स्खाउटसनने २०१३ मध्ये पायथनमध्येच सुरू केलं, आणि त्याची सुरुवातही सूर्यास्ताला दिवे लावण्यापासून झाली होती. पण पंप म्हणजे खाली हौद, वर टाकी, हौदात सकाळी ठरलेल्या वेळी पाणी येणार (येणार असं म्हणायचं), आणि मध्ये एक एचपीची मोटर, जी कोरडी चालली तर सील जातं आणि जास्त वेळ चालली तर गच्चीवरून पाणी वाहायला लागून शेजारच्या काकांचा फोन येतो.

ॲपमधला नियम असा असतो: टाकी ३० टक्क्यांच्या खाली गेली की पंप चालू, ९० च्या वर गेली की बंद. ऐकायला बरोबर आहे. पण "खाली गेली की" म्हणजे तो आकडा ३० ची रेषा ओलांडतो तो क्षण. लाईट गेली, परत आली, सगळी यंत्रणा जागी झाली तेव्हा टाकी आधीच २२ वर असेल तर रेषा ओलांडली कोणी? कोणीच नाही. मग नियम शांत बसून राहतो आणि वर टाकी रिकामी होत जाते. होम असिस्टंटचा आकड्यावरचा ट्रिगरही (नियम सुरू करणारी अट) असाच वागतो आणि ते डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलेलंय, फक्त ते वाचतं कोण. स्क्रिप्टमध्ये, म्हणजे माझ्या पायथनच्या कोडमध्ये, मी पहिल्यांदा आत्ताची परिस्थिती काय आहे ते विचारते, त्यावर निर्णय घेते, आणि मग पुढच्या बदलांवर कान लावते. दोन ओळी जास्त, बस.

लाईट हाच खरा विषय आहे आपल्याकडे. परदेशातले लोक नियम लिहितात तेव्हा त्यांच्या डोक्यात घर सतत चालू असतं, आपलं तसं नाहीये. लाईट आली की छोटे सेन्सर काही सेकंदांत उठतात, राउटर त्यांच्यानंतर, रास्पबेरी पाय (ज्यावर होम असिस्टंट चालतं तो छोटा कॉम्प्युटर) सगळ्यात शेवटी, आणि या मधल्या काळात प्रत्येक वस्तूची स्थिती "अनअव्हेलेबल" असते. आता "अनअव्हेलेबल" वरून "ऑन" होणं हाही बदलच ना? म्हणजे रात्री तीनला लाईट आली की साध्या नियमाला वाटणार कोणीतरी बटण दाबलं. म्हणून माझ्या प्रत्येक फंक्शनची पहिली ओळ हीच असते, की जुनी किंवा नवी स्थिती अनअव्हेलेबल किंवा अननोन असेल तर काहीही न करता परत फिर.

आणि वेळ मोजायची भानगड. "पंप २० मिनिटांनी बंद कर" हे नियमात लिहिलं, पंप चालू झाला, आणि बाराव्या मिनिटाला रास्पबेरी पाय रिस्टार्ट झाला. उरलेली आठ मिनिटं कोणाच्याच लक्षात नाहीत. होम असिस्टंटमधला "इतका वेळ तसंच राहिलं तर" हा पर्याय रिस्टार्टनंतर टिकत नाही, मधेच थांबलेला डिले पण टिकत नाही. म्हणून मी मोजत नाही, पंप चालू झाल्याची वेळ लिहून ठेवते, आणि जागं झाल्यावर वजाबाकी करते. शिवाय पंपाच्या कॉन्टॅक्टरला (मोटरचा जड करंट जोडणारा-तोडणारा मोठा रिले) जो स्मार्ट स्विच चालवतो त्याच्यावर टास्मोटा हे स्विचच्या आतच चालणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात पल्सटाइम म्हणून सोय आहे, म्हणजे बाकी सगळं मेलं तरी स्विच स्वतःच ठरलेल्या वेळाने बंद होतो. त्यात २० मिनिटांसाठी १३०० लिहावं लागतं, कारण सेकंदांत १०० मिळवायचे असतात, आणि हे असं का ठरवलं असेल यावर मी बराच वेळ घालवलाय जो घालवायला नको होता.

कोरडा पंप ओळखायला वॅट पुरतात. पाणी नसलं की मोटरवर लोड नसतो, वॅट चांगलेच खाली येतात. पण चालू झाल्या झाल्या आकडे वेडेवाकडे असतात, म्हणून पहिला अर्धा मिनिट बघायचंच नाही, मग सलग कमी दिसले तर बंद, आणि त्यानंतर अर्धा तास टाकी कितीही रिकामी असो, हात लावायचा नाही. हा शेवटचा भाग ॲपला जमत नाही. आत्ताच एकदा कोरडा पडलाय, हे त्याला आठवतच नाही. माझी सगळी फाइल काढून बघितलीत तर पंप चालू करायची ओळ एक आहे, बाकी सगळं कधी करायचा नाही याबद्दल आहे.

हे यॅमलमध्ये, म्हणजे होम असिस्टंटचे नियम ज्या मजकुराच्या साच्यात लिहितात त्यात, होतं का? होतं. होम असिस्टंटमध्ये मदतीला टायमर आहेत, टेम्प्लेट आहेत, जिद्दी माणूस सगळं करू शकतो, आणि पाच-सात ओळींच्या कामाला मी पण यॅमलच लिहिते. पण अटीत अट, तिच्यात अजून अट झाली की ओळींच्या सुरुवातीच्या स्पेस मोजत बसावं लागतं. त्यापेक्षा ॲपडीमन (होम असिस्टंटसाठी पायथनचा कोड चालवणारं सॉफ्टवेअर) लावलं की साधा पायथनचा क्लास लिहायचा, फाइल सेव्ह केली की ती आपोआप परत लोड होते, आणि घड्याळ पुढे करून, वेगाने पळवून बघायची पण सोय आहे, म्हणजे गुरुवारचा नियम तपासायला गुरुवारची वाट बघायला नको. (गुरुवारी आमच्याकडे बऱ्याचदा पाणी बंद असतं, त्यामुळे बुधवारी रात्री ३० ची रेषा ८० होते.) सेन्सरचे आकडे मात्र त्यात खरेच राहतात, टाकी काही वेगाने भरत नाही.

एक खड्डा पायथनमध्येही आहे तो सांगून ठेवते. होम असिस्टंटमधली प्रत्येक स्थिती मजकूर म्हणून येते, आकडा म्हणून नाही. मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते, त्यामुळे तिथे ९५ हे १०० पेक्षा मोठं ठरतं. आधी फ्लोट, म्हणजे दशांश आकडा, करून घ्या, मग तुलना करा.

आता सासूबाई. त्यांना मोबाइल नको, भिंतीवरचं बटण पाहिजे, आणि त्यांनी पंप लावला म्हणजे त्यांना आत्ता पाणी चढवायचंय, टाकी ६० टक्के भरलीय वगैरे त्यांना सांगायचं नाही. "अगं, मी लावलेला पंप बंद कोणी केला?" हा प्रश्न घरात एकदा आला की तुमचं सगळं ऑटोमेशन धोक्यात असतं. इथे होम असिस्टंटची एक गोष्ट मला फार आवडते. प्रत्येक बदलाबरोबर तो कुठून आला याची खूण येते: मोबाइलवरून कोणी केला तर त्या माणसाचा आयडी, दुसऱ्या नियमाने केला तर त्या नियमाकडे जाणारा दुवा, आणि भिंतीवरचं बटण दाबलं तर दोन्ही रिकामे. दोन्ही रिकामे दिसले की माझी स्क्रिप्ट माघार घेते, फक्त कोरडा पडला किंवा टाकी पूर्ण भरली तरच मध्ये पडते. घरात नियमांपेक्षा माणूस मोठा, हे मी असं कोडमध्ये लिहिलंय.

तर तुम्हाला करायचंय का? दिवे, गीझरचा टायमर, बाल्कनीतलं ठिबक, हे ॲपमध्येच ठेवा, मी पण ठेवलंय. ज्या वस्तूला बिघडायला पैसे लागतात आणि जिला मागचं लक्षात ठेवावं लागतं, तिच्यासाठी स्क्रिप्ट. आणि स्क्रिप्टच्याही खाली साधा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा, टाकी भरली की पंप बंद करणारा) वायरने जोडून घ्या, कारण झाकणाला लावलेला, आवाजाच्या लहरींनी पाण्याचं अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर पाणी अगदी जवळ आलं की आंधळा होतो, आमच्या सेन्सरला साधारण २० सेंटिमीटरच्या आतलं दिसतच नाही. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आमच्याने ते करताना पंपाच्या बोर्डावर स्वतःहून एक ऑटो-मॅन्युअलचा स्विच पण बसवून दिला, आणि मी गावाला गेले की सासूबाई पहिल्या दिवशीच तो मॅन्युअलवर टाकतात.