सात खिळे

रंगपंचमीच्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन वाजला. जुनी इंदूरमध्ये चंद्रभागेजवळ राहणाऱ्या काकूंचा पुतण्या बोलत होता.

"ताई, चंद्रीचा नाल लटकून राहिलाय. नालबंद येत नाही म्हणतो. मी ठोकू का दोन खिळे?"

"हात लावू नकोस. तिला जागची हलवू नकोस. मी निघालेच."

चंद्री ही त्यांची पांढरी घोडी. काकूंचे यजमान टांगा चालवायचे. टांगा गेला, पागा राहिली. आता पुतण्या घोडी वरातीला देतो. पाडवा दहा-अकरा दिवसांवर आला होता आणि शोभायात्रेत चंद्री जायची होती, म्हणून त्याचा जीव वरखाली होत होता. नालबंद राहतो मल्हारगंजच्या बाजूला. रंगपंचमीला टोरी कॉर्नरपासून राजवाड्यापर्यंत गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक असते, रस्ते बांबू लावून बंद. तो बिचारा अवजारांची पेटी घेऊन निघणार कुठून? मी सुदामानगरहून महूनाका, कलेक्टर ऑफिस असा बाहेरचा रस्ता धरला.

मी एवढी घाईने का गेले ते सांगते. मी जनावरांची डॉक्टर. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका टांगेवाल्याने असाच सैल नाल सुताराच्या खिळ्याने ठोकून टाकला होता. मी पाय पाहिला, घोडा लंगडत नव्हता, म्हणून धनुर्वाताच्या लसीचं विचारलंच नाही. आठ-दहा दिवसांनी बोलावणं आलं तेव्हा तो लाकडासारखा ताठ उभा होता. जबडा मिटलेला, कान ताठ, आणि जरा आवाज झाला की डोळ्यावर तिसरी पापणी सरकायची. तीन दिवसांत गेला. तो न विचारलेला प्रश्न आजही माझ्यापाशी आहे.

नालेच्या खिळ्याचं टोक एका बाजूने उतरतं असतं. ती बाजू आत, पुतळीकडे, म्हणजे तळव्यामधल्या मऊ त्रिकोणाकडे ठेवून ठोकला की खिळा बाहेरच्या अंगाला वळतो आणि खुराच्या भिंतीतून साधारण दोन सेंटिमीटरवर निघतो. निघालेलं टोक तोडून उरलेलं वाकवून दाबतात. सुताराच्या खिळ्याला असा वळ नसतो. तो नाकासमोर सरळ जातो, आणि सरळ म्हणजे आतल्या जिवंत भागात.

पोचले तेव्हा चंद्री डावा पुढचा पाय नुसता टेकवून उभी होती. नाल आतल्या अंगाला सरकून निम्मा तळव्याखाली गेला होता. सातांपैकी बाहेरच्या बाजूचे तीन खिळे धरून होते, चौथा वाकून लोंबत होता, आतले तीन बेपत्ता. पुतण्याच्या हातात हातोडी तयारच होती. नाल जागेवर बसलेला आणि नुसता हलत असता, तर पट्टी गुंडाळून नालबंदाची वाट पाहिली असती. सरकलेल्या नालेवर घोडीने वजन दिलं की खिळा तळव्यात जातो. तो काढायलाच हवा होता.

काकूंनी हलक्या आवाजात विचारलं, "बाई, काढल्यावर पाडव्याला कसं?"

"आधी पाय, काकू."

आधी घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवून नाडी पाहिली. ठोके जोरात नव्हते, खूर गरम नव्हता. जीव जरा थाऱ्यावर आला. माझ्याकडे कानस होती, खूर साफ करायचा चाकू होता, पण नाल उपटायची पक्कड नव्हती, आणि त्या दिवशी हार्डवेअरची दुकानं कुठून उघडी असणार? शेजारी सेंटरिंगचं काम करणारे एक काका राहतात, त्यांनी खिळे उपटायचा जंबूर दिला.

नालबंदाला व्हिडिओ कॉल लावला. त्याच्या मागे ढोल, आणि आमच्याकडेही राजवाड्याकडून आवाज येत होता. चंद्री दर धमाक्याला अंग चोरायची. काकू तिच्या मानेला गाल लावून उभ्या राहिल्या, "उगी, बाळा, उगी" म्हणत. पिचकाऱ्या घेतलेली पोरं फाटकाबाहेर स्वतःहून थांबली.

"पहले मुड़ी हुई नोक घिस लो, डॉक्टर साब," नालबंद ओरडून सांगत होता. "एड़ी से उठाना. बाहर को मत मरोड़ना."

पाय गुडघ्यांत धरून वाकवलेली टोकं कानशीने घासली. ही घाई करण्यासारखी जागा नव्हे. टोकं तशीच राहिली तर उपटताना खुराची भिंत फाटून येते. मग एकेक खिळा वेगळा काढला. दोन सुटले. तिसरा हलेना, तेव्हा टाचेकडून जंबूर घालून थोडं उचललं, थोडं आत दाबलं, पुन्हा उचललं. घाम डोळ्यांत उतरत होता. नाल हातात आला आणि चंद्रीने लांब श्वास सोडला.

खुराची भिंत आणि तळवा जुळतात त्या पांढऱ्या रेषेच्या आत, तळव्यावर एक काळा ठिपका होता. दाबलं, तिने पाय ओढला नाही. चाकूने हलकेच वरचा थर काढला. खाली कोरडा, स्वच्छ खूर. तुटक्या कडा कानशीने गोल केल्या, धुऊन जंतुनाशक लावलं, कापूस, वर शेजारच्या बाळाचा डायपर, आणि त्यावर रुंद चिकटपट्टी. पट्टी खुरावरच संपवली. वर केसांच्या कडेवर आवळली तर रक्त अडतं. लस कधी दिली ते कुणालाच आठवत नव्हतं. टोचली.

शेवटची नालबंदी दिवाळीनंतरची. खूर महिन्याला सात-आठ मिलिमीटर वाढतो, नाल सहा-आठ आठवड्यांनी बदलायचा असतो. लग्नसराई थांबली की पायांकडे कुणी पाहत नाही. पुतण्याला हे मी तिथेच स्पष्ट सांगितलं. त्याने मान खाली घातली, पण ऐकलं.

मग उरलेले तीन खिळे. ते सापडल्याशिवाय मी जागची हलणार नव्हते. दोन गवतात मिळाले. तिसऱ्यासाठी पुतण्याने जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून सगळी पागा, मग गल्ली पालथी घातली. दुपारी दोनला फाटकाच्या उंबऱ्याशी तो चुंबकाला चिकटला, पोरं जिथे अनवाणी उभी होती तिथेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी पाहायला गेले तर नालबंद आधीच आलेला. कानामागे अजून गुलाबी रंग होता. पट्टी सोडून त्याने चंद्रीचा खूर मांडीवर घेतला आणि कडेवरून अंगठा फिरवला.

"कीलें कितनी मिलीं?"

काकूंनी पदराची गाठ सोडून त्याच्यापुढे धरली. त्याने एकेक मोजला. सात. मग त्याने पेटी उघडली.