कागद जाळीला चिकटला होता

ओल कुठून येते ते शोधायला मी ज्या घरात गेलो, तिथे बेडरूममध्ये कपाटामागे, छताजवळच्या कोपऱ्यात काळी बुरशी. तीनदा रंग झाला, गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, तरी दर थंडीत डाग तिथेच हजर. दार उघडताच कुबट वास. एअर प्युरिफायर चोवीस तास चालू होता. त्याचा हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारी गाळणी, हवेतले बुरशीचे बीजाणू पकडतो, बाष्प मात्र त्यातून सरळ निघून जातं. भिंत दमट आहे तोवर ती नवे बीजाणू सोडतच राहते. यंत्र विकणाऱ्याने हे सांगायला हवं होतं.

गळती नाही, हे दहा मिनिटांत कळलं. गळतीच्या डागाला बहुधा पिवळट-तपकिरी कडा असते, भिंतीला लोणा लागतो, म्हणजे क्षारांची पांढरी पूड येते. इथे दोन्ही नव्हतं. ओलावामापकाच्या आखूड पिना गिलाव्याच्या वरच्या थरात जास्त आकडा दाखवत होत्या, लांब पिना आत ठोकल्यावर कमी. पाणी बाहेरून झिरपत असतं तर उलट दिसलं असतं. गच्ची उकरण्याआधी कोणीतरी एवढं तपासायला हवं होतं.

घरातला आर्द्रतामापक 54 टक्के दाखवायचा, म्हणून घरच्यांना हवा कोरडी वाटत होती. मापकावर विसंबण्याआधी त्याची मिठाची चाचणी घ्यावी: बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून दाट लगदा करायचा, मीठ विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत किमान बारा तास ठेवायचे. आतली हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते. या मापकाने 64 दाखवले. म्हणजे तो 11 कमी दाखवतो, आणि खोलीतली खरी आर्द्रता 65च्या आसपास.

आता हिशेब बघा. खोली 24 अंश सेल्सिअस, कोपऱ्यातली भिंत 18.5. त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो, 17; त्यामुळे भिंतीवर थेंब धरत नाहीत आणि हाताला ती कोरडी लागते. पण भिंतीला लागून असलेल्या हवेत आर्द्रता 90 टक्के होते, आणि बुरशीला 80 टक्के बराच काळ मिळाले तरी पुरतात. भिंतीवर पाणी दिसत नाही म्हणजे ओल नाही, या समजापायी घरं बुरसतात. त्यात कपाट भिंतीला टेकवलेलं, मागे हवा खेळत नाही, खोलीची ऊब भिंतीपर्यंत पोचत नाही.

एवढं बाष्प येत कुठून होतं? पलीकडे बाथरूम. एग्झॉस्ट फॅन चालू करून जाळीवर टिश्यू पेपर धरला, घट्ट चिकटला. पंखा ठीक अशी नोंद करून मी निघून आलो. ही नोंद अजून डोक्यातून जात नाही. कागद एवढंच सांगतो की हवा जाळीत शिरते. पुढे कुठे जाते ते सांगत नाही.

दुसऱ्या खेपेला पंखा चालू ठेवून बाहेरच्या भिंतीवरच्या झडपेशी हात धरला. वारा नाही. फॉल्स सीलिंगला उघडायची झडप कोणी ठेवलीच नव्हती, म्हणून बोर्ड कापावा लागला. हवा बाहेर नेणारा 100 मिलिमीटरचा लवचिक नळ, म्हणजे डक्ट, पंख्याच्या तोंडावरून निसटून पडला होता. तो कापडी टेपने चिकटवलेला. ऊब आणि बाष्प लागून टेपचा डिंक वाळला होता. प्रत्येक अंघोळीची वाफ सीलिंगच्या पोकळीत, तिथून कोपऱ्यातल्या फटीतून बेडरूममध्ये.

डक्ट नवा घातला, ताणून सरळ, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. सांध्यांवर स्टीलचा क्लॅम्प आणि वर अ‍ॅल्युमिनियम टेप. बाथरूमच्या दाराखाली दोन सेंटिमीटर फट केली, कारण आत हवा येणार नसेल तर पंखा बाहेर फेकणार काय? अंघोळीनंतर पंखा अर्धा तास चालवायचा. कपाट दहा सेंटिमीटर पुढे. बुरसलेले बोर्ड कापून प्लास्टिकमध्ये बांधूनच बाहेर नेले. डाग कोरडा खरवडला की बीजाणू घरभर उडतात, म्हणून एन-95 मास्क लावून, भिंत ओली करून, डिटर्जंटच्या पाण्याने घासली. नुसतं ब्लीच मारलं की डाग पांढरा पडतो, पण गिलाव्याच्या आतलं बरंच तसंच राहतं.

तीन आठवड्यांनी, मापकाची चूक सुधारून, आर्द्रता 50 ते 53. रंगाऱ्याला पुट्टीची घाई आहे. गिलाव्याचा आकडा शेजारच्या कोरड्या भिंतीइतका उतरेपर्यंत त्याला थांबवलंय.