आईच्या बोटांचे ठसे आणि गावातलं पोस्ट

माझ्या आईला निराधार वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात. ते तिच्या बँक खात्यात जमा होतात, त्यात कधी खंड पडला नाही. अडायचं ते पैसे हातात येताना. बँकेची शाखा तालुक्याला, तिथे जाऊन-येऊन दिवस मोडतो. बाजाराच्या गावी एक ग्राहक सेवा केंद्र आहे. आधार नंबर सांगायचा, अंगठा लावायचा, पैसे घ्यायचे. पण आईनं उभा जन्म खुरपं आणि विळा धरला आहे. अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्यात. केंद्रातला मुलगा दोन-तीनदा अंगठा टेकवायला लावायचा आणि मग 'आजी, बँकेत जा' म्हणायचा. २०२४ च्या पावसाळ्यात ती लागोपाठ दोन महिने रिकाम्या हातानं घरी आली. मला फोनवर मात्र 'मिळतील गं पुढच्या महिन्यात' एवढंच सांगत राहिली.

हे शेजाऱ्यांकडून कळलं तेव्हा रजा टाकून गावी गेले. आमच्या गावात बँक नाही, पोस्ट आहे. एका खोलीचं शाखा डाकघर. तिथल्या पोस्टमास्तर ताईंना म्हटलं, "आईचं खातं काढायचंय." त्यांनी विचारलं, "कुठलं?"

तोवर मला ठाऊकच नव्हतं की पोस्टात दोन वेगळी खाती असतात. एक पोस्टाचं जुनं बचत खातं, पासबुकवालं, १८८२ पासून चालत आलेलं. दुसरं इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं. ती बँक १ सप्टेंबर २०१८ ला देशभर सुरू झाली. तिच्यात दोन लाखांपर्यंतच रक्कम ठेवता येते आणि ती कर्ज देऊ शकत नाही. व्यवहार पोस्टमनच्या मोबाइलवर होतात, घरी बसून. ताईंनी हे सगळं न कंटाळता सांगितलं आणि मग म्हणाल्या, "पण मावशींना नुसते पैसे काढायचे असतील तर नवीन खात्याची गरजच नाही. खातं कुठल्याही बँकेत असू दे, आधार जोडलेलं असलं की आम्ही इथून काढून देतो."

दुसऱ्या दिवशी पोस्टमन दादा घरी आले. त्यांनी आधी आईला हात धुऊन कोरडे करायला सांगितले. उजवा अंगठा नाही, डावा नाही, तर्जनी नाही. मला वाटलं, आता हेही 'बँकेत जा' म्हणणार. ते म्हणाले, "मावशी, दहा बोटं आहेत, घाई काय?" डाव्या हाताच्या अनामिकेवर यंत्रानं ठसा ओळखला. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात, त्यातलं कुठलंही चालतं. इतकी साधी गोष्ट आईला आजवर कुणी सांगितली नव्हती. आईनं नोटा दोनदा मोजल्या आणि दादांना बसायला सांगून आत गेली. मला त्या क्षणी फार भरून आलं.

त्याच मुक्कामात तिचं बचत खातंही उघडलं. अर्ज, फोटो, आधारची प्रत, ५०० रुपये आणि वारस (नॉमिनी) म्हणून माझं नाव. वारसाचा रकाना कृपा करून रिकामा सोडू नका. मागे राहिलेल्यांची फार धावपळ होते. या खात्याला वर्षाला ४ टक्के व्याज आहे. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर ते मोजतात, म्हणून भरणा १० तारखेच्या आत केलेला बरा.

थंडीत हात भेगाळले आणि ती अनामिकाही चालेना. पुन्हा दोन महिने रखडले. मग ऑगस्ट २०२५ मध्ये पेमेंट्स बँकेनं चेहऱ्यावरून आधार पडताळणी सुरू केली. त्यासाठी मात्र त्यांचं खातं लागणार होतं, म्हणून तेही काढलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सरकारी मदत आधारशी शेवटी ज्या बँकेची जोडणी झाली असेल तिथे जाते. नवीन खातं काढताना त्या जोडणीला संमती दिली की पुढचा हप्ता नव्या खात्यात पडतो. आम्ही विचार करून संमती दिली, पण कित्येक जण नकळत देतात आणि मग जुन्या बँकेत जाऊन 'पैसे आले नाहीत' म्हणून रडकुंडीला येतात. खातं काढून देणाऱ्यानं हे आधी तोंडी सांगायलाच हवं.

आता दादा मोबाइल समोर धरतात, आई पदर सारखा करून बघते, डोळ्यांची उघडझाप करते आणि काम होतं.

पोस्टानं बँकेची कामं करावीत का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठाम 'हो' आहे. देशात दीड लाखाहून जास्त डाकघरं आहेत आणि बहुतेक खेड्यांत आहेत. पैसे ठेवणं, काढणं, पाठवणं एवढं तिथे झालं तरी आईसारख्या बाईचं भागतं. कर्जासाठी बँकेत जायला तिची ना नाही. पण पोस्टात माणूस हवा. आमचं काम झालं ते तिसऱ्या बोटानंतर चौथं लावून बघणाऱ्या माणसामुळे. या ग्रामीण डाक सेवकांवर डाक, विमा, आधार अशी कामं वाढतच चालली आहेत. त्यांचा मोबदलाही त्याच हिशेबानं वाढायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आई आता दर महिन्याला हप्त्यातले दोनशे रुपये बचत खात्यात टाकते. भरणा झाला की पासबुकावर शिक्का मारून घेते आणि मला फोनवर आकडा वाचून दाखवते.