तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: ती मालिका मी अकरा वर्षं का बघितली

बँकेतल्या मैत्रिणींनी विचारलं, नणंदेनं विचारलं, आता लेकीच्या सासरची माणसंही विचारतात. शब्द थोडेफार बदलतात, प्रश्न तोच. "तुम्ही एवढ्या शिकलेल्या, इतकं वाचणाऱ्या, आणि 'चार दिवस सासूचे' शेवटपर्यंत बघितलीत? कसं काय जमलं?" त्या 'कसं काय'मध्ये कुतूहल कमी आणि कीव जास्त असते, हे मला कळतं. आजवर मी एकच उत्तर देऊन सुटका करून घेतली: सासूबाई लावायच्या, म्हणून बघायचे. ते उत्तर अर्धं खोटं आहे. सासूबाई पंधरा-पंधरा दिवस नणंदेकडे राहायला जायच्या, तेव्हाही आमच्याकडे टीव्ही लागायचा, आणि तो मीच लावायची.

'आभाळमाया' बघितली म्हणून मला कुणी कधी जाब विचारलेला नाही. 'वादळवाट'चं नाव तर लोक अजून अभिमानानं घेतात. मान्य आहे, 'आभाळमाया'तली सुधा जोशी प्राध्यापिका होती, त्या घरांत आपल्या घरांसारखी माणसं होती, संवाद चांगले होते. मीही त्या मालिका मनापासून बघितल्या. पण ईटीव्हीवर देशमुखांच्या घरातल्या सासू-सुनेची गोष्ट बघणारी बाई म्हणजे डोकं बाजूला ठेवलेली बाई, असं जे धरून चालतात, त्याचा मला राग येतो. सांगलीत आमच्या गल्लीत ती मालिका बघणाऱ्यांत दोन शिक्षिका होत्या, सिव्हिलमधली एक नर्स होती आणि गिरणीवाल्या मावशी होत्या. भारनियमनाच्या वर्षांत ऐन वेळेला वीज जायची. मग दुसऱ्या दिवशी गिरणीत दळण टाकताना, ज्यांच्या भागात वीज होती त्यांच्याकडून काल काय झालं ते ऐकायचं. नुसती गोष्ट कुणीच सांगायचं नाही. सासू आशाताईंचं चुकलं की सून अनुराधेचं, याचा निवाडा त्यात यायचाच. त्या बायका बिनडोक नव्हत्या.

दोष मात्र मला दाखवू नका. ते मी तुमच्याआधी बघितलेत. २००१ च्या अखेरीस सुरू झालेली मालिका जानेवारी २०१३ मध्ये संपली. तीन हजारांवर भाग झाले. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या तर बावीसेक मिनिटं उरतात. आकड्यांत आयुष्य गेलेली बाई आहे मी, हिशोब करून ठेवलाय: अकराशे तास. म्हणजे सलग सेहेचाळीस दिवस, रात्री धरून. त्यातला केवढा तरी वेळ कुणीतरी काहीतरी बोललं की खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा जवळून दाखवण्यात गेला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, खाली ढणढणतं संगीत. कालचं थोडं आज, आजचं थोडं उद्या. पैसा अडका कसा येतो, कर्जाचा हप्ता कसा फिटतो, कामाला जाणाऱ्या बाईचा दिवस कसा जातो, यातलं काहीही धड नाही. नोकरी करणारी बाई मला त्या अकरा वर्षांत माझ्यासारखी दमलेली दिसली नाही. आणि सगळ्यात मोठा दोष असा, की महिनोन्महिने चालणारं संकट नेहमी एका न बोललेल्या वाक्यावर उभं असायचं. कुणीतरी कुणालातरी सरळ एक गोष्ट सांगितली असती तर दुसऱ्या दिवशी मिटलं असतं. सांगायचं नाही, दाराआडून ऐकायचं, चुकीचं ऐकायचं. ही काही एकट्या या मालिकेची खोड नाही, रोज चालणाऱ्या सगळ्याच मालिका यावर जगतात. गैरसमज मिटला की गोष्ट संपते, आणि टीआरपी चांगला असेपर्यंत ती संपवायची नसते.

मग बघायचं कशासाठी? एक कारण आशाताईंचं काम करणाऱ्या रोहिणी हट्टंगडी. 'गांधी'तली कस्तुरबा त्यांनी केली, तिच्यासाठी त्यांना ब्रिटनचा बाफ्टा मिळाला, हे बहुतेकांना माहीत असतं. पण एवढी मोठी नटी रोज संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत यायची आणि सामान्य लिहिलेल्या प्रसंगातही काहीतरी खरं करून जायची, त्याचं मोल कुणी करत नाही. आशाताई चिडल्या की आधी आवाज खाली यायचा. माझ्या सासूबाईंचाही तसाच यायचा. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी चमकून शेजारी पाहिलं होतं. सासूबाई पडद्याकडेच बघत होत्या, त्यांना त्यात स्वतःचं काही दिसलं नसावं. किंवा दिसलं असेल.

दुसरं कारण आजवर कुणाला सांगितलं नाही. माझं नि सासूबाईंचं भांडण कधी झालं नाही, बोलणंही झालं नाही. भाजी, पाणी, पाहुणे, औषधं, एवढंच. मी साडेनऊला घर सोडायची, ताळा जुळेपर्यंत बँकेतून निघता यायचं नाही, घरी आल्यावर कुकर. त्या कमी बोलणाऱ्या, मी आणखी कमी. ही मालिका लागली आणि आम्हांला बोलायला माणसं मिळाली. अनुराधेबद्दल त्या म्हणायच्या, "दमते बिचारी, पण तोंड उघडत नाही." मी आशाताईंबद्दल म्हणायची, "त्यांचं कुणी ऐकूनच घेत नाही घरात." कुणाबद्दल चाललंय हे दोघींना कळायचं. निदान मला तरी वाटायचं की कळतंय. त्या अर्ध्या तासात आम्ही एकमेकींना जेवढं सांगितलं तेवढं बाकीच्या साडेतेवीस तासांत सांगितलं नाही. हे माझं तुम्हांला खरं उत्तर. इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

२००६ मध्ये मी अधिकारीपदाची परीक्षा पास झाले. लेखी झाली, मुलाखत झाली, यादीत नाव आलं. पोस्टिंग यवतमाळ जिल्ह्यात. लेक पाचवीत, ह्यांची नोकरी सांगलीत, सासूबाईंचे गुडघे तेव्हापासूनच दुखत होते. हे म्हणाले, "तू ठरव." ते दोन शब्द मला मदतीसारखे वाटले नाहीत. बढती नाकारली की आमच्याकडे पुढची काही वर्षं परीक्षेलाच बसता यायचं नाही, हे मला ठाऊक होतं. तरीही नकाराचं पत्र लिहून पर्समध्ये ठेवलं. चार दिवस ते पर्समध्येच होतं. देववत नव्हतं आणि फाडवतही नव्हतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही नेहमीसारख्या बसलो. मी लसूण सोलत होते. मालिकेत त्या दिवशी काय चाललं होतं, हे मी पुष्कळ वर्षं लोकांना रंगवून सांगत आले: अनुराधा घरासाठी काहीतरी सोडून देते, आशाताईंचे डोळे भरून येतात. आज कबूल करते, मला त्यातलं काहीही आठवत नाही. तो प्रसंग मी नंतर जुळवला. जाहिराती लागल्या होत्या एवढं नक्की आठवतं, कारण आवाज एकदम वाढला आणि लेकीनं आतून "आई, बारीक कर" म्हणून ओरडून सांगितलं. मी आवाज कमी केला. आणि सासूबाई टीव्हीकडे बघत म्हणाल्या, "जाऊ दे की तिला. तिच्यावाचून काय घर अडलंय?"

एवढंच. आवाज खाली.

लसणाची पाकळी माझ्या हातात तशीच राहिली. 'तिच्यावाचून काय घर अडलंय.' लग्नाला बारा वर्षं झाली होती. सकाळी पाचला उठून दोन डबे, सासूबाईंचं पथ्याचं, संध्याकाळी परत तेच, आणि घर माझ्यावाचून अडत नाही. मी काही बोलले नाही. मालिका संपेपर्यंत बसून राहिले, आमटीला फोडणी दिली, सगळ्यांना वाढलं. रात्री झोप लागली नाही. डोक्यात एकच होतं: मी गेले की माझी जागाही जाईल, आणि परत येईन तेव्हा मी या घरातली पाहुणी असेन. सकाळी बँकेत जाऊन पहिलं काम ते पत्र देण्याचं केलं. साहेबांनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" मी "नक्की" म्हणाले. पुढच्या वर्षी माझ्या मागून लागलेली मुलगी माझी साहेब होऊन आली. चांगली मुलगी होती. मी तिला 'मॅडम' म्हणायची तेव्हा तीच ओशाळायची.

त्या नकाराचं खापर मालिकेवर फोडायचं की नाही, यावर मी स्वतःशी खूप भांडले आहे. माझी भाची माध्यमांचा अभ्यास करते, तिनं दोन गोष्टी सांगितल्या. १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' आली, ती आपल्याकडची पहिली अशी मालिका, आणि ती समाजाला काही शिकवावं म्हणून मुद्दाम काढलेली. तिच्यातली भागवंती सगळं मुकाट्यानं सोसते. असं राहू नका, हे दाखवायला ते पात्र होतं. पण नंतर संशोधकांनी प्रेक्षकांना विचारलं तेव्हा अनेकांना, त्यात बायकाही आल्या, भागवंतीच आदर्श वाटत होती. हे ऐकून मी म्हटलं, बघ, हेच माझं झालं. त्यावर तिनं दुसरं सांगितलं. २००१ ते २००३ या काळात बिहार, हरियाणा, तामिळनाडू, गोवा आणि दिल्लीतल्या बायकांच्या माहितीवरून रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोघांनी अभ्यास केला. ज्या गावांत केबल नव्यानं पोचली तिथं नवऱ्यानं मारणं चालवून घेण्याचं प्रमाण कमी झालं, मुलगाच हवा हा हट्ट थोडा सैल झाला, घरातल्या निर्णयांत बायकांचा शब्द वाढला. तिथं लोक बघत काय होते, तर बहुतेक असल्याच मालिका. म्हणजे ज्या पडद्यानं कुणा बाईला उंबरा ओलांडायला शिकवलं, त्याच पडद्यासमोर बसून मी उंबऱ्याच्या आत राहिले. दोन्ही खरं असू शकतं. पण मला माझ्यापुरतं उत्तर हवं होतं, ते त्या अभ्यासांत नव्हतं.

ते मिळालं असं मला वाटलं २०१३ च्या उन्हाळ्यात. मालिका संपून काही महिने झाले होते. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यांत थेंब घालायला मी दुपारची त्यांच्याजवळ होते. ती वेळच निवांत. मी सहज म्हटलं, "आता दोन-तीन वर्षांत मीही मोकळी होईन, स्वेच्छानिवृत्ती घ्यावी म्हणते." त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "तेव्हा गेली असतीस तर आज मोठी साहेब असतीस. मी म्हटलं होतं तुला, जा म्हणून."

"कधी म्हटलं होतंत?"

"अगं, टीव्ही बघताना. जाऊ दे तिला म्हटलं, घर काही अडत नाही म्हटलं. तू ऐकलंस की."

थेंबांची बाटली माझ्या हातात होती. मी विचारलं, "आई, सरळ का नाही सांगितलंत?" त्यांनी डोळे उघडले. त्यांना माझा प्रश्नच कळला नसावा. म्हणाल्या, "सुनेला सरळ कसं सांगायचं गं? तुला वाटलं असतं, घालवायला बघते."

मला तेच तर वाटलं होतं.

पाच वर्षं रोज आशाताईंच्या प्रत्येक वाक्याच्या मागे दुसरं वाक्य शोधायची मला सवय लागली होती. सासू बोलली म्हणजे टोमणा, आवाज खाली आला म्हणजे राग. सासूबाईंना मालिकेतून बोलण्याची सवय लागली होती, मला मालिकेतून ऐकण्याची. त्यांनी परवानगी दिली, मी हाकलणं ऐकलं. आमच्या दोघींत जी बोलण्याची वाट झाली ती या मालिकेमुळे झाली, आणि अगदी नेमक्या वेळी तीच वाट चुकीच्या ठिकाणी घेऊन गेली. यापैकी एक घ्या आणि दुसरं सोडा, असं मला जमत नाही. मालिका नसती तर त्या 'जा' म्हणाल्या असत्या का? मला वाटतं, काहीच म्हणाल्या नसत्या. मग मी त्या पत्राचं काय केलं असतं, तेही सांगता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे वाईटच झालं की. तसंही म्हणवत नाही. त्या दुपारनंतर तीन वर्षं त्या होत्या, आणि त्या तीन वर्षांत आम्ही मालिकेशिवाय बोललो. फार नाही. पण त्यांनी त्यांच्या सासूबद्दल सांगितलं, सातवीत शाळा सुटली तो दिवस सांगितला, आणि हे सगळं टीव्ही बंद असताना. बोलायची सवय त्या अर्ध्या तासानंच लावली होती, हे माझं मत अजून तसंच आहे.

एक शंका मात्र जात नाही. त्या दिवसाचा पडद्यावरचा प्रसंग जसा मी मागून जुळवला, तशा सासूबाईंनी त्यांच्या बोलण्याला मागून अर्थ जुळवला नसेल कशावरून? कदाचित तेव्हा तो टोमणाच होता. कदाचित सहा वर्षं मला वरच्या खुर्चीवरच्या मुलीला 'मॅडम' म्हणताना बघून त्यांना ते लागलं असेल आणि त्यांनी आठवणीतलं वाक्य मायेनं वळवून घेतलं असेल. त्या गेल्यावर मी ह्यांना विचारलं. तेही त्या खोलीत होते, खिडकीजवळच्या खुर्चीत. म्हणाले, "जाहिराती चालू होत्या ना? मग मी पेपर वाचत असणार."