दिल्लीची इनोव्हा नाशकात आणली, तर आधी काय बदलायचं?

हल्ली पिंपळगाव, ओझर, दिंडोरी पट्ट्यात दिल्लीहून आणलेल्या डिझेल गाड्या बऱ्याच दिसतात. कारण सरळ आहे. 2015 साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, आणि तिथल्या धडधाकट गाड्या मिळेल त्या भावात बाहेर पडू लागल्या. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यामुळे तिथे नकोशी झालेली गाडी इथे आणखी काही वर्षं कामाला येते. मीही 2014 ची इनोव्हा आणली.

एनओसी, पेठ रोडच्या आरटीओत फेरनोंदणी, टॅक्स, विमा नावावर करणं, याबद्दल एजंट मंडळी भरभरून सांगतात. बॉनेटखाली काय करायचं ते कुणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

दुसऱ्याची द्राक्षबाग करायला घेतली की आपण आधीच्या माणसाला फवारणीचं सगळं विचारतो, तरी माती, पाणी आणि देठ तपासायला देतोच. गाडीचंही तसंच करा. चेसिस नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या नोंदी निघतात का बघा. निघाल्या तर उत्तम. पण ज्या कामाची नोंद नाही, ते काम झालेलंच नाही असं धरून चाला.

पहिला नंबर टायमिंग बेल्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनच्या हालचालींचा मेळ राखणाऱ्या पट्ट्याचा. या इनोव्हाच्या अडीच लिटर डिझेल इंजिनाला चेन नाही, बेल्ट आहे. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. माझ्या गाडीच्या मीटरवर 94 हजार, पण क्लच पेडलचं रबर पार गुळगुळीत झालेलं, म्हणजे मीटरवर भरवसा नाही. डॅशबोर्डवर बेल्ट बदलायची आठवण देणारा लाइट लागलेला नव्हता, यावर विकणाऱ्याचा फार भर होता. अंबडचे आमचे मेस्त्री म्हणाले, "भाऊ, लाइट तर मीपण दोन मिनिटांत बंद करून देतो. कव्हर खोलून बघू." कव्हर निघालं. बेल्टच्या पाठीवरची छपाई पुसून गेलेली, एका कडेचे धागे सुटलेले, आणि बोटाने वाकवला की दातांच्या मुळाशी बारीक चिरा उघडायच्या. बेल्टसोबत टेन्शनर आणि आयडलर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारे रोलरही बदला. मजुरी एकदाच पडते.

दुसरे ब्रेक. आमच्या आईचं म्हणणं, नवी गाडी आली की आधी वणीच्या गडावर न्यायची. न्यायचीच, पण गडावरून उतरताना ब्रेक किती तापतात याचा विचार करून. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट 3 (DOT 3) दर्जाचं ब्रेक ऑइल 205 अंशांच्या खाली उकळत नाही, ओलावा मुरला की ही मर्यादा 140 पर्यंत येऊ शकते. घाटात ते उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. चारही चाकांपाशी पारदर्शक नळी लावून जुनं ऑइल काढलं तर ते काळपट तपकिरी आणि गढूळ निघालं. नळीतून स्वच्छ पिवळसर ऑइल येईपर्यंत काम थांबवू देऊ नका. वरच्या डबीत नुसती भर घालून हे काम होत नाही.

कूलंटच्या वेळी वेगळंच निघालं. गाडी गरम व्हायलाच फार वेळ घ्यायची, काटा खालीच. हाउसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नव्हता, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडपच गायब! कुणीतरी आधी गाडी तापते म्हणून काढून टाकलेला. हा उपाय आपल्याकडेही सर्रास करतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो. थंड इंजिन डिझेल जास्त पितं आणि झिजतंही जास्त. मूळ दुखणं तसंच राहतं. आमचं दुखणं रेडिएटरमध्ये होतं, नळाच्या पाण्याने आत क्षार धरलेले. रेडिएटर साफ केला, नवा थर्मोस्टॅट बसवला, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. आता काटा मध्यावर येतो आणि तिथेच राहतो.

टायरची नक्षी बघून फसू नका. कडेला DOT ही इंग्रजी अक्षरं असलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 3216 म्हणजे 2016 सालचा बत्तिसावा आठवडा. स्टेपनीही बघा. इनोव्हाची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली साखळीला टांगलेली असते. माझ्या गाडीची साखळी गंजून जाम झालेली, आणि खाली आलेला टायर गाडीइतकाच जुना, रबर तडकलेलं. रात्री कसारा घाटात हे कळलं असतं तर?

इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर हे तर करायचंच, त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही. एवढंच की पहिलं नवं ऑइल पूर्ण मुदत चालवू नका, दोनेक हजार किलोमीटरवर पुन्हा बदला. आतला जुना गाळ त्यात उतरतो. एसीचा फिल्टर काढाल तेव्हा गाडीबाहेर नेऊन झटका, दिल्लीची धूळ आहे ती.

सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम या सगळ्यानंतर. पुढच्या चाकांना धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश थोडे वाजतात, ते मेस्त्रींनी हाताने हलवून बघितलेत. द्राक्षाचे पैसे हातात आले की ते काम काढायचं ठरलंय.