आमची वाटचाल : पाचशेला एक कमी

2011 साली पुण्यात सिंहगड रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांच्या लेदर सीट साफ करायला सुरुवात केली. भागीदार म्हणजे नाना पेठेत सीटकव्हर शिवणारे मामा. सख्खे नव्हेत, त्यांना सगळेच मामा म्हणायचे. शिवण उसवून पुन्हा घातली की टाके जुनेच वाटायचे. मी धुवायचो, ते शिवायचे. घोड्याच्या केसांचा पहिला ब्रश त्यांनीच आणून दिला. मूठ दोनदा बदलली, ब्रश तोच. चामड्याच्या बारीक रेघांत शिरतो, पण ओरखडा उठत नाही. नायलॉनला ते जमत नाही.

मग आलं 2017. आमच्याकडेच ब्रश धरायला शिकलेल्या पोराने समोर दुकान टाकलं. ‘लेदर सीट फक्त 499.’ आमचा दर अडीच हजार. तो करायचा काय? चाकाच्या रिमला जो साबण तोच सीटला, वर सिलिकॉनचं पॉलिश. सीट आरशासारखी, गिऱ्हाईक खूश. अहो, कंपनीतून बहुतेक सीटा मॅटच येतात! पुढे चकाकतात त्या घामाने नाहीतर तेलाने.

त्याच महिन्यात आमचीही चूक झाली, लपवत नाही. क्रीम सीटवर जीन्सचा निळा रंग उतरलेला. घाईत मी मॅजिक स्पंज घेतला. तो स्पंज म्हणजे बारीक पॉलिशपेपरच. डाग गेला, वरचा कोटही गेला. चढता-उतरता मांडी घासते ना, नेमका तिथे तळहाताएवढा चट्टा. मामांनी अख्खा तुकडा बदलला. 38 हजारांचा फटका, माझी बुलेट विकली. फोटो मात्र गाडीवाल्यांच्या ग्रुपवर फिरला. कोणी टाकला ते मला पक्कं माहीत आहे.

अडीच महिने शेडमध्ये एक डॉक्टरबाई सोडून कुणी फिरकलं नाही. एरवी सहा महिन्यांनी यायच्या, तेव्हा मुद्दाम आधी आल्या. सीट स्वच्छच होती. “नसेल घाण तरी पुसा,” म्हणाल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या.

पुढे सगळी घडी बसली. आज चार माणसं आहेत.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. भोकांच्या सीटवर क्लीनर थेट फवारू नका, ब्रशवर घ्या. गार हवा देणाऱ्या (व्हेंटिलेटेड) सीट असतील तर खाली पंखा असतो, क्लीनर भोकांतून त्यात उतरतो. खोबरेल तर लावूच नका. चामड्यावरच्या पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकच्या) कोटमधून ते आत मुरत नाही, नुसती धूळ धरतं. आणि पावसाळ्यात सीट भिजली तर हीटगन नको, सावलीत वाळवा.

समोरचं दुकान अजून आहे. तिथल्या चिकट झालेल्या सीटा शेवटी आमच्याकडेच येतात. आम्ही घेतो. 499 वजा करत नाही.